धर्मादायाचा पैसा कोणाचा?

दिवाळीच्या पाडव्यास आमच्या वऱ्हाडातील व्यापारी नवी वही पूजितो, पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढतो, आणि वर्षाच्या व्यवहारास देवाचे नाव घेऊन आरंभ करतो. त्याच वहीत माल, भाडे, हमाली, तोलाई, व्याज अशा खात्यांच्या शेजारी एक लहानसे खाते पुष्कळ दुकानांतून वडिलोपार्जित चालत आलेले असते, त्याचे नाव 'धर्मादाय'. गिऱ्हाइकाच्या बिलावर, कोठे कोठे शेतकऱ्याच्या पट्टीतही, शेकड्यामागे काही पैसे या नावाने घेतले जातात. रक्कम इतकी लहान असते की देणारा तिच्याबद्दल तक्रार करीत नाही, आणि घेणारा तिचा हिशेब कोणास दाखवीत नाही. बोरी अरबसारख्या कापसाच्या मुलखातील गावी ज्यांचा दुकानदारीशी दररोज संबंध येतो अशा आमच्या वाचकांस आम्ही आज एक साधा प्रश्न विचारणार आहो. हा पैसा कोणाचा? दुकानदाराचा, गिऱ्हाइकाचा, सरकारचा, की आणखी कोणाचा? आणि त्यावर प्राप्तिकर द्यावयाचा किंवा नाही?

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी थोडे गणित करून पाहावे. समजा, एखाद्या दुकानाची वार्षिक उलाढाल एक कोट रुपयांची आहे आणि धर्मादाय शेकड्यास दहा पैसे आहे. वर्षाअखेर त्या खात्यावर दहा हजार रुपये जमतात. अशी वीस दुकाने धरली तर एका लहानशा पेठेत दरसाल दोन लक्ष रुपये होतात. एवढ्या पैशांत गावाचे वाचनालय चालेल, गरीब विद्यार्थ्यांची पुस्तके होतील, उन्हाळ्यात पाणपोया बसतील. परंतु ज्या पेठांतून धर्मादाय घेतला जातो त्या सर्व पेठांतून अशी कामे दिसतात काय? जेथे दिसत नाहीत तेथे पैसा जातो कोठे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकास आहे. कारण तो पैसा त्याने दिलेला आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. धर्मार्थ उत्पन्नावर कर नसावा हे तत्त्व या देशात नवीन नाही. १८८६ च्या प्राप्तिकराच्या कायद्यात धार्मिक व सार्वजनिक धर्मार्थ कामी लागणाऱ्या मिळकतीच्या उत्पन्नास माफी होती. १९२२ च्या कायद्यात ती कायम राहिली, आणि स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या कायद्यात कलम ११ ते १३ यांत तिचा विस्तार झाला. गरिबांस साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचा अन्य कोणताही हेतू, अशी 'धर्मार्थ' या शब्दाची कायद्यातील व्याख्या होती. पुढे तीत योग, पर्यावरणाचे रक्षण, प्राचीन वास्तूंचे जतन यांची भर पडली. १ एप्रिल २०२६ पासून अमलात यावयाचा म्हणून संसदेने २०२५ साली जो नवा प्राप्तिकर कायदा केला त्यातही माफीची मुख्य तत्त्वे तीच ठेविली आहेत. कलमांचे आकडे बदलले, पण सार बदललेले नाही.

परकीय राज्यात मात्र या माफीचा अर्थ लावणारे न्यायाधीश आमच्या समाजाची रीत जाणणारे नव्हते. १८९९ साली मुंबईकडील एका मृत्युपत्राचा दावा विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. मृत्युपत्र करणाराने आपली मिळकत 'धरम' कार्यास ठेविली होती. लॉर्ड लोकांनी विल्सनसाहेबाचा कोश उघडला, 'धर्म' या शब्दास कायदा, सद्गुण, कर्तव्य असे अनेक अर्थ दिलेले पाहिले, आणि इतक्या मोघम शब्दावर कोणताही न्यास उभा राहू शकत नाही असा निवाडा दिला. ज्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ बाजारातील पोऱ्यासही ठाऊक होता तो साता समुद्रांपलीकडील न्यायासनास कळला नाही! या एका निकालाने पुढे अनेक पिढ्यांची दाने वादात सापडली.

याच्या उलट उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण ते आमच्या प्रांताच्या जवळचे आहे. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघास प्राप्तिकर खात्याने धर्मार्थ मानण्याचे नाकारले, व मुंबईच्या हायकोर्टानेही संघाच्या विरुद्ध मत दिले. काँग्रेसशी ज्याचा संबंध तो राजकारणी, आणि राजकारणी तो धर्मार्थ नव्हे, अशी त्या वेळची सरकारी विचारसरणी होती. परंतु १९४४ साली प्रिव्ही कौन्सिलनेच तो निकाल फिरविला. कताई आणि विणाई यांच्या द्वारा गरिबांस काम देणे हे दारिद्र्यनिवारणच होय, आणि हिंदुस्थानच्या कायद्याची व्याख्या स्वतंत्र असल्यामुळे विलायती दाखले येथे जपून वापरले पाहिजेत, असे त्या निकालात म्हटले आहे. ज्या कापसावर आमचा जिल्हा जगतो त्याच कापसाच्या सुताने हा न्याय मिळविला, ही गोष्ट वऱ्हाडवासीयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मूळ धर्मादायाकडे वळू. स्वराज्यात मुंबई सरकारने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. आमच्या विदर्भास तो लगेच लागू नव्हता. येथे प्रथम मध्यप्रदेशाचा १९५१ चा कायदा होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर पुढे मुंबईचा कायदा येथेही लागू झाला, आणि आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम १० च्या स्पष्टीकरणात 'धर्म', 'धर्मादाय', 'पुण्यकार्य', 'पुण्यदान' अशा हेतूंसाठी केलेला न्यास केवळ मोघमपणाच्या कारणावरून रद्द समजू नये असे म्हटले आहे. १८९९ च्या निकालाने जो अन्याय केला होता त्याचे परिमार्जन आमच्या कायदेमंडळाने असे एका वाक्यात केले. आणि कलम ५४ तर प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या गादीवर लिहून टांगावे इतक्या योग्यतेचे आहे. व्यापाराच्या चालीप्रमाणे किंवा कराराने जी रक्कम धर्मादाय म्हणून आकारली किंवा वसूल केली जाते ती वसूल करणाराकडे विश्वस्त या नात्याने राहते, असे ते कलम सांगते. शिवाय ज्या वर्षाचे हिशेब ठेवावयाचे ते वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्या रकमेचा हिशेब उप अथवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावयाचा असतो, आणि त्याची चौकशी करून रकमेच्या विनियोगाबद्दल हुकूम करण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे.

म्हणजे दुकानदार त्या पैशाचा मालक नव्हे, राखणदार आहे. एकदा हे मान्य केले म्हणजे कराच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. जो पैसा आपला नव्हे त्यावर आपण कर कसा द्यावा? सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात हेच ठरविले. संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, हाथरसच्या या गिरणीने गिऱ्हाइकांकडून धर्मादाय घेतला, तो निराळ्या खात्यावर जमा केला, आणि त्यातून धर्मार्थ रकमा दिल्या. ही जमा गिरणीची व्यापारी प्राप्ती होय असे कर खात्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की व्यापारी रिवाजात धर्मादाय या शब्दास निश्चित अर्थ आहे; मृत्युपत्रातील मोघम 'धरम' आणि बिलातील धर्मादाय या दोन गोष्टी भिन्न आहेत; हा पैसा मुळातच धर्मार्थ बंधनाने येतो, सबब तो गिरणीचे उत्पन्न नव्हे. चाळीस वर्षांनी, २०१९ साली, आमच्याच महाराष्ट्रातील संगमनेरच्या डी. जे. मालपाणी यांच्या खटल्यात उत्पादन शुल्काच्या बाबतीतही हाच न्याय लागला. तेथे प्रश्न असा होता की बिलात घेतलेला धर्मादाय मालाच्या किमतीचा भाग समजून त्यावर शुल्क आकारावे काय. न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. धर्मादाय ही मालाची किंमत नव्हे, दानासाठी सोपविलेली रक्कम होय.

येथवर ऐकून आमच्या व्यापारी मित्रांस आनंद होईल. परंतु या दोन्ही निकालांतील अर्धीच गोष्ट उचलून घेण्याची चाल पडली आहे, आणि आमचे आजचे लिहिणे मुख्यतः तिच्याविरुद्ध आहे. धर्मादायास करमाफी आहे ती तो विश्वस्ताचा पैसा आहे म्हणून. तो विश्वस्ताचा आहे हे सिद्ध कशावरून होते? बिलात तो निराळा दाखविला, वहीत त्याचे खाते निराळे ठेविले, आणि त्यातला खर्च धर्मार्थच झाला, यावरून. ज्या दुकानात धर्मादायाची जमा वर्षानुवर्षे वाढत जाते, खर्चाच्या बाजूस एक ओळही पडत नाही, आणि ती सर्व रक्कम मालाच्या खरेदीत भांडवल म्हणून फिरते, त्या दुकानदाराने कर अधिकाऱ्यापुढे बिजली कॉटन मिल्सचा निकाल कोणत्या तोंडाने वाचावा? आम्ही वकिलीच्या धंद्यात अशा वह्या पाहिल्या आहेत. वडिलांच्या काळची धर्मादायाची शिल्लक मुलांच्या वाटणीपत्रात भांडवलाबरोबर भावाभावांनी वाटून घेतलेलीही पाहिली आहे. वाटणी करणारे लोक वाईट होते असे नव्हे. तो पैसा आपला नव्हे ही गोष्टच त्यांस कोणी सांगितली नव्हती.

दुसरी चाल याहून सूक्ष्म आहे. दुकानदार गिऱ्हाइकांकडून जमलेला धर्मादाय एखाद्या संस्थेस देतो, पावती आपल्या नावाने घेतो, संस्थेच्या भिंतीवर आपल्या वडिलांच्या नावाची शिळा बसवितो, आणि शेवटी त्याच पावतीवर देणगीबद्दल प्राप्तिकरात वजावटही मागतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची म्हण आमच्या भाषेत उगीच पडलेली नाही. जी रक्कम तुमचे उत्पन्नच नव्हे म्हणून तुम्ही करातून वगळली, तीच पुन्हा देणगी म्हणून वजा मागणे म्हणजे एका पैशाचे पुण्य दोनदा घेणे होय. अशा वेळी पावती 'धर्मादाय खात्यातून, गिऱ्हाइकांतर्फे' अशी घ्यावी आणि शिळेवरही तसेच कोरावे. ज्यांस स्वतःच्या नावाची शिळा हवी असेल त्यांनी स्वतःच्या नफ्यातून द्यावे. त्यास कायद्याने वजावट दिलेली आहे. मात्र त्यातही २,००० रुपयांवरील देणगी रोख दिल्यास वजावट मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या पट्टीतील कपातीची. हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून जिचे नाव घेतले जाते ती कारंजाची कापसाची बाजारपेठ १८८६ साली सुरू झाली, आणि कारंजा आमच्यापासून फार दूर नाही. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि १९२८ साली शेतकी कमिशनने इतर प्रांतांसही असे नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली. या सर्व खटाटोपाचे मूळ कारण एकच होते. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून तोलाई, हमाली, दलाली, नमुना, धर्मादाय, गोरक्षण अशा नाना नावांनी पैसा कापला जात असे, आणि त्याची दाद लागत नसे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यामागेही शेतकऱ्यास अशा मनमानी कपातीपासून वाचविण्याचाच हेतू आहे. आमचे स्पष्ट मत असे की ज्या शेतकऱ्याच्या घरी कर्ज आहे, ज्याचे पीक पावसाच्या लहरीवर आहे, आणि ज्याच्या आत्महत्येच्या बातम्या याच जिल्ह्यातून वारंवार आल्या आहेत, त्याच्या पट्टीतून त्यास न विचारता घेतलेला पैसा धर्मादाय या नावास पात्रच नाही. दानात देणाऱ्याची इच्छा हवी. बिल भरणारा सुखवस्तू गिऱ्हाईक नाही म्हणू शकतो. अडत्यापुढे हात जोडून उभा असलेला शेतकरी नाही म्हणू शकत नाही. जेथे ही कपात अद्याप होत असेल तेथे ती या हंगामापासून बंद व्हावी.

आता ज्या संस्थांस हा पैसा मिळतो त्यांच्याकडे पाहू. देवस्थान, गोरक्षण, शाळा, वाचनालय, दवाखाना यांच्या चालकांची अशी समजूत असते की संस्था धर्माची आहे म्हणजे तिला कर नाही. ही समजूत घातक आहे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी वेगळी आणि प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी वेगळी. पहिली केल्याने दुसरी होत नाही, आणि दुसरी नसल्यास माफी मिळत नाही. नोंदणी असूनही माफीस अटी आहेत. साधारणतः उत्पन्नापैकी शेकडा ८५ भाग हेतूप्रीत्यर्थ खर्च झाला पाहिजे. शेकडा १५ भाग बिनशर्त शिल्लक ठेवता येतो. याहून अधिक साठवावयाचे तर हेतू व मुदत लेखी कळवावी लागते, आणि ती मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही. दात्याचे नाव-पत्ता नसलेल्या देणग्यांवर, ठराविक मर्यादेपलीकडे, शेकडा ३० कर बसतो; केवळ धार्मिक संस्थेस यातून सूट आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की संस्थेचा निधी कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच, म्हणजे बँका, पोस्ट, सरकारी रोखे इत्यादिकांत, ठेवावा लागतो. गावोगाव अशी चाल आहे की संस्थेचा निधी अध्यक्षांच्या पेढीवर व्याजाने असतो. शेठजी सचोटीचे असले तरी या एका गोष्टीने माफी धोक्यात येते, आणि शेठजींचे दिवाळे निघाले तर निधीही जातो. विश्वस्ताने आपल्या नातलगांस संस्थेकडून लाभ दिल्यासही तोच परिणाम.

या लिहिण्यावर तीन आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पहिला असा की आम्ही जमा होते त्याहून अधिक दान करतो, मग हिशेब कशाला? अधिक करीत असाल तर हिशेबाने तुमची कीर्तीच वाढेल. त्यास भिण्याचे कारण काय? दुसरा आक्षेप असा की सरकारी अधिकाऱ्यास एकदा वही दाखविली म्हणजे तो सगळ्या वह्या मागेल. परकीय अमलात या भीतीस आधार होता. चरखा संघासही ज्यांनी सोडले नाही त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवावा? परंतु आता कायदा आपल्या प्रतिनिधींनी केलेला आहे, आणि धर्मादायाचे खाते खरोखर निराळे ठेविले तर दाखवावयाचे ते तेवढेच असते. भीती ज्यास वाटते त्याने खाती एकत्र केलेली आहेत असाच त्याचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप संस्थांचा आहे, आणि तो आम्हांस बऱ्याच अंशी मान्य आहे. खेड्यातील वाचनालयाचा चिटणीस दिवसा शेतात किंवा शाळेत असतो. त्याने दोन खात्यांकडे नोंदण्या कराव्या, मुदतीत विवरणे भरावी, लेखापरीक्षकाची फी द्यावी, सर्व काही यंत्रावर इंग्रजी नमुन्यांतून पाठवावे, आणि एक तारीख चुकली तर वर्षाची माफी धोक्यात घालावी, हे न्याय्य नव्हे. २०२० च्या बदलाने जुन्या नोंदण्याही नव्याने करून घ्याव्या लागल्या आणि पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आले. २०२५ साली पाच कोटींपर्यंत उत्पन्नाच्या संस्थांस नोंदणीची मुदत दहा वर्षांची झाली, हे योग्य झाले; पण तेवढ्याने भागत नाही. लबाड संस्थांस पकडण्याकरिता विणलेले जाळे लहान मासे मारते आणि मोठे त्यातून निसटतात, असे होता कामा नये. नमुने मराठीत असावे, लहान संस्थेच्या केवळ तारखेच्या चुकीस माफी असावी, आणि वर्षातून एकदा तरी तालुक्याच्या ठिकाणी दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी येऊन चिटणिसांस समजावून सांगावे, एवढी आमची सरकारकडे मागणी आहे.

परंतु सरकारकडून मागावयाचे ते मागून झाले तरी आपले काम आपल्याकडे राहतेच. आम्ही बोरी अरबच्या व्यापाऱ्यांपुढे चार सूचना ठेवितो. धर्मादाय बिलात निराळा व स्पष्ट लिहावा, आणि गिऱ्हाइकाने नको म्हटल्यास तो काढावा. त्याचे खाते निराळे ठेवून, शक्य तर, बँकेतही निराळे असावे. शेतकऱ्याच्या पट्टीतून तो घेऊ नये. आणि वर्षाअखेर आयुक्तांकडे जो हिशेब पाठवावयाचा त्याचीच एक नक्कल दुकानाच्या दर्शनी भागी लावावी: इतके जमले, इतके दिले, अमक्यास दिले. यास नवा कायदा लागत नाही, सरकारी हुकूम लागत नाही, अध्यक्ष निवडावा लागत नाही. एका दुकानाने आरंभ केला म्हणजे शेजारच्या दुकानास गिऱ्हाईकच विचारू लागेल की तुमचा कागद कोठे आहे.

पाडव्यास वही पूजितात ती हिशेब ही पवित्र वस्तू आहे म्हणून. त्या वहीत एक खाते असे आहे की ज्याचा धनी वही लिहिणारा नाही. ज्या व्यापाऱ्याचे ते एक खाते चोख आहे त्याची बाकीची खातीही चोख असतील असे गिऱ्हाईक समजते, आणि व्यापाऱ्यास पत मिळते ती अशानेच. येत्या पाडव्यापूर्वी आमच्या पेठेतील किती दुकानांवर हा कागद लागतो ते आम्ही पाहणार आहो, आणि जो प्रथम लावील त्याचे अभिनंदन याच स्तंभात करण्याची संधी आम्हांस मिळावी अशी इच्छा आहे.